जिवाचे जेवण

काही शब्द असे असतात, की परभाषेतून ते आपल्याकडे आणायला जावे तर वाटेतच त्यांचा जीव जातो. 'सोल फूड' हा त्यांतलाच एक. 'आत्म्याचे अन्न' म्हणावे, तर ऐकणाऱ्याला वाटायचे की आता टाळ-मृदंग वाजणार आणि बुवा प्रवचनाला बसणार. 'आत्मिक आहार' म्हणावे, तर निसर्गोपचाराच्या आश्रमातला कोमट काढा डोळ्यांपुढे उभा राहतो. वीस वर्षे मराठी शिकवण्यात घालवलेल्या माणसाने एवढ्यात हात टेकू नयेत हे खरे. त्यातल्या त्यात मला 'जिवाचे जेवण' बरे वाटते. 'जिवाची मुंबई' या शब्दांत जो जीव आहे तो त्यात आहे, आणि 'जिवाभावाचा' या शब्दातला आहे तोही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, कापसाच्या नि तंबाखूच्या मळ्यांवर, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून राबवले गेले त्या कृष्णवर्णीय लोकांचे हे जेवण. मक्याचा पाव, तळलेली कोंबडी, डुकराचे मांस, तासन्‌तास शिजवलेला पाला, चवळी, भेंडी, रताळी. पण गंमत अशी, की ही माणसे दक्षिणेत होती तोवर या जेवणाला कुणी 'सोल फूड' म्हणत नव्हते. तेव्हा ते नुसते जेवण होते. आपण घरात वरणभाताला कुठे नाव देतो? नाव पडले ते घर सुटल्यावर. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून न्यू यॉर्क, शिकागो, डेट्रॉइट अशा उत्तरेच्या नि पश्चिमेच्या शहरांत गेली. तिथल्या थंडीत, तिथल्या खुराड्यांत, गावाकडच्या चवीची जी ओढ लागली, तिला १९६०च्या दशकात हे नाव मिळाले. लेरॉय जोन्स (पुढे ते अमिरी बराका या नावाने ओळखले जाऊ लागले) या कवीने त्या सुमारास 'सोल फूड' याच मथळ्याचा एक छोटा निबंध लिहिला. आमची स्वतःची अशी खाद्यसंस्कृतीच नाही म्हणता काय, असा त्याचा एकंदर सूर आहे.

तात्पर्य, हे जेवण मुळातच परगावी नावारूपाला आलेले. म्हणून ते खायचे तर दक्षिणेत जाऊन खाण्यापेक्षा हार्लेममध्ये खावे, असे माझ्या मनाने घेतले होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता ताईकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा हा बेत मी जेवणाच्या टेबलावर मांडला.

"हार्लेमला?" दाजींनी घास हातातच धरला. "अरे, एकतीस वर्षं झाली मला या देशात. हार्लेमवरून गाडी गेली असेल दहा वेळा, पण उतरलो नाही कधी. आपल्या लोकांचं तिकडे काय काम?"

दाजी मनाने अत्यंत मोकळे आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. होती ती नुसती सवय. परंतु मला राहवले नाही. ज्या १९६५ सालच्या कायद्याने आपल्या लोकांना अमेरिकेचे दार उघडले गेले, तो कायदा ज्या वाऱ्यावर आला तो वारा या कृष्णवर्णीयांच्याच हक्कांच्या लढ्याने उठवलेला होता, हे मी त्यांना सांगितले. प्राध्यापकाला घरी पाहुणा म्हणून ठेवण्यातली ही गैरसोय ताईला जुनी आहे. तिने दाजींच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "जाऊ या की सगळेच. मलाही बघायचंय."

लेनॉक्स ॲव्हेन्यूवर, १२६ आणि १२७ क्रमांकांच्या रस्त्यांच्या मधे, 'सिल्व्हियाज' नावाचे उपाहारगृह आहे. सिल्व्हिया वुड्स या बाईंचा जन्म १९२६ सालचा, दक्षिण कॅरोलिनातल्या हेमिंग्वे नावाच्या गावचा. हार्लेमपासून हे गाव मोटारीने सुमारे हजार किलोमीटर. लहानपणी शेंगा तोडण्याच्या कामावर असताना त्यांची नि त्यांच्या भावी नवऱ्याची ओळख झाली. पुढे न्यू यॉर्कला आल्यावर, १९५४ सालापासून, या जागी असलेल्या एका छोट्या खाणावळीत त्या वाढपाचे काम करीत. १९६२ साली मालकाने ती खाणावळ विकायला काढली, तेव्हा सिल्व्हियाबाईंच्या आईने गावाकडचे शेत गहाण ठेवून पैसे उभे केले आणि वाढपी बाई मालकीण झाली.

या १९६२ सालाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. दोनच वर्षांपूर्वी, १ फेब्रुवारी १९६० रोजी, उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातल्या उपाहाराच्या काउंटरवर जाऊन बसले होते. त्या काउंटरवर गोऱ्यांनीच बसून खायचे, असा तिथला रिवाज. मुलांनी कॉफी मागितली, मिळाली नाही. ती उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली. दक्षिणेतल्या गावोगावच्या काउंटरांवर मग मुले अशी बसू लागली. हा भेद बेकायदा ठरवणारा राष्ट्रीय कायदा यायला १९६४ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या वर्षी सिल्व्हियाबाईंनी हार्लेममध्ये आपल्या टेबलांवर कापड अंथरले, त्या वर्षी त्यांच्या गावाकडच्या मुलखात त्यांच्याच रंगाच्या माणसाला कित्येक ठिकाणी पैसे देऊनही बसून खाता येत नव्हते. मागच्या दाराने पुडके घ्यावे आणि चालू लागावे. सिल्व्हियाबाई २०१२ साली वारल्या. हॉटेल त्यांच्या कुटुंबाने पुढे चालवले आहे.

आम्ही गेलो तो शनिवार होता. दुपारची गर्दी. आत शिरताच तळणीचा, दालचिनीचा नि लोण्याचा मिळून एक वास आला आणि सौ. म्हणाली, "भूक लागली हो!" खरे तर न्याहारी होऊन दोन तास झाले नव्हते. वाढायला आलेल्या बाई पन्नाशीच्या, ठसठशीत. त्यांनी सौ.ला विचारले, "काय देऊ, हनी?"

"ही मला हनी का म्हणते?" सौ.ने मराठीत विचारले.

"पुढ्यात बसलेल्याला उपाशी ठेवायचं नाही असं ज्यांनी ठरवलेलं असतं, त्या असंच बोलतात," ताई म्हणाली. ताई क्वचितच बोलते, पण बोलते तेव्हा असे.

पहिल्यांदा आला मक्याचा पाव. पाव म्हणायचे एवढेच. रंगाने पिवळाधमक, आणि रव्याच्या केकसारखा रवाळ. मग तळलेली कोंबडी, मक्याच्या पिठात घोळून तळलेला कॅटफिश, चीज घातलेली मॅकरोनी, कॉलर्डची भाजी, चवळी, टोमॅटोतली भेंडी आणि 'कँडीड याम'. सौ. कोकणातली, तिने मासा बोटांनी मोडून पाहिला, चव घेतली आणि निकाल दिला, "रवा लावून तळलेल्या बोंबलाच्या जातीचा आहे. पण याच्यासोबत आमटी कुठाय?" आमटी नव्हती. अमेरिकेत आमटी नाही, हे त्या देशाविषयीचे तिचे मुख्य मत आहे आणि ते बदलेल असे दिसत नाही.

पण 'कँडीड याम'ची वाटी पुढे येताच आम्ही चौघेही हसलो. ती चक्क पाकातली रताळी होती! आपण एकादशीला करतो तीच. वेलदोड्याऐवजी दालचिनी आणि जायफळ, इतकाच फरक. शेजारी कोंबडी आणि तोंडी लावायला उपासाचा पदार्थ, असा योग माझ्या आयुष्यात प्रथमच आला.

आता याम म्हणजे खरे तर रताळे नव्हे. याम हा पश्चिम आफ्रिकेतला कंद, आपल्या कोनफळाच्या कुळातला. गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांना अमेरिकेत तो मिळेना. मिळाले ते रताळे. त्यांनी रताळ्यालाच आपल्या गावाकडच्या कंदाचे नाव दिले आणि शिजवले. वस्तू मागे राहिली, शब्द तेवढा जहाजातून आला. भाषेच्या माणसाला अशा जागी थबकायला होते. कारण आपल्या 'बटाट्या'चीही कथा अशीच आहे. पोर्तुगिजांनी जो 'बटाटा' शब्द आपल्याला दिला, तो कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ रताळे! मुंबईत वडा खाणाऱ्या कुणाला आज हे खरे वाटणार नाही. भेंडीचे मूळही बहुतेक जाणकार आफ्रिकेतच मानतात. अमेरिकेतल्या 'गंबो' या प्रसिद्ध कालवणाचे नाव मुळात भेंडीचेच आफ्रिकी नाव आहे. आणि चवळी तर पक्की आफ्रिकेची. आपल्याकडे ती इतक्या जुन्या काळी आली की आपण तिला आपलीच समजतो. अमेरिकेत ती गुलामांच्या जहाजांबरोबर गेली, आणि ते लोक १ जानेवारीला चवळी व भात आवर्जून खातात, वर्ष भाग्याचे जावे म्हणून. सोबत कॉलर्डचा पाला. तो नोटांसारखा हिरवा, म्हणून पैसा येतो! आपण पाडव्याला कडुनिंब चावतो. त्यांची रीत अधिक रुचकर आहे हे कबूल केले पाहिजे.

कॉलर्ड म्हणजे कोबीच्या कुळातली पण गड्डा न धरणारी पालेभाजी. पूर्वी तिच्यात डुकराच्या पायाचा धुरी दिलेला तुकडा घालीत. अलीकडे बरेच जण टर्कीचा घालतात. खूप वेळ शिजवल्यावर जे पाणी उरते त्याला 'पॉट लिकर' म्हणतात. सौ.ने भाजी संपवली आणि वाटी बाजूला सारली, तेव्हा शेजारच्या टेबलावर एकट्याच जेवत बसलेल्या एका वृद्ध बाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बाळा, ते टाकू नकोस. पाव बुडव त्यात. सगळी ताकद त्यातच असते."

सौ.ने पाव बुडवला, खाल्ला, आणि माझ्याकडे वळली. "अहो, हा तर कट!" पुरणाची डाळ शिजवून निथळलेले पाणी न फेकता जिने पहिल्यांदा त्याची आमटी केली, ती गृहिणी आणि ही कॉलर्डचे पाणी राखणारी बाई, दोघींची समजूत जुळली असती.

त्या बाईंशी मग बोलणे झाले. शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांच्या असतील. डोक्यावर जांभळी टोपी, हातात काठी. सहा वर्षांच्या असताना आईबरोबर दक्षिण कॅरोलिनाहून आगगाडीने आल्या. त्या प्रवासातले काय आठवते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "बुटाचा खोका."

त्या काळी दक्षिणेतून प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीयांना वाटेतल्या हॉटेलांत सहसा थारा नसे आणि गाडीतल्या भोजनाच्या डब्यात तर अपमानच व्हायचा. म्हणून बायका घरूनच तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा असे बुटाच्या रिकाम्या खोक्यात भरून देत. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना लोक थट्टेने 'चिकनबोन स्पेशल' म्हणत. खिडकीबाहेर हाडे टाकत जाणाऱ्या गाड्या! आपल्याकडच्या दशम्या-चटणीची ही बहीण खरी. पण आपण दशम्या बांधून घेतो त्या स्टेशनावरचे महाग पडते म्हणून. त्यांना विकत घ्यायचीच सोय नव्हती.

आपण म्हणजे कोण, हाही प्रश्नच आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली चार मुले मसूर स्टेशनावर उतरली आणि पुढे बैलगाडीने गेली. त्यांच्याजवळ जेवणाचा डबा भरलेला होता. परंतु ही मुले महारांची आहेत असे कळल्यावर वाटेत त्यांना पाणी कुणी देईना आणि पाण्यावाचून घास गिळेना; भरल्या डब्याशेजारी ती उपाशी झोपली. त्यांतले एक भीमराव रामजी आंबेडकर. स्वतःच्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पुढे १९१३ साली ते न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले, १९१६ पर्यंत तिथे शिकले. हे विद्यापीठ आमच्या टेबलापासून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. सकाळीच तिथल्या ग्रंथालयातला त्यांचा अर्धपुतळा पाहून, उद्यानाची उतरण उतरून, आम्ही हार्लेममध्ये आलो होतो. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या थोर कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरूनच घेतले. (या ब्लॅक पँथरांनी १९६९ साली ओकलंडमध्ये शाळकरी मुलांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली होती, हे फारसे सांगितले जात नाही.)

या जेवणाबद्दल त्यांच्या लोकांत एकमत आहे असे मात्र समजू नये. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटलेल्या थोर पुरुषाने १८४५ सालच्या आत्मचरित्रात गुलामाचा महिन्याचा शिधा लिहून ठेवला आहे: आठ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढीच मासळी, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास, आणि तेही बहुधा चांगल्या प्रतीचे नसे. डुकराची आतडी धुऊन शिजवलेला 'चिटलिन्स' हा पदार्थ अशा दारिद्र्यातला. म्हणून एलायजा मुहम्मद यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी, हे गुलामीचे अन्न आहे, आरोग्याचा नाश करणारे आहे, ते सोडा, असे आपल्या अनुयायांना बजावले. उलट एड्रियन मिलर या लेखकाने २०१३ साली या विषयावर एक उत्तम ग्रंथ लिहून दाखवून दिले, की 'मालकाने टाकले नि गुलामाने शिजवले' एवढ्यावर ही पाककला उडवून लावता येत नाही. तिच्यातले कितीतरी पदार्थ रविवारचे, सणावाराचे, पाहुण्यांसाठी राखलेले आहेत. मला मिलर पटतो. मॅकरोनीचेच घ्या. ती अमेरिकेत रुळवण्यात ज्याचा हात होता असे मानतात, तो जेम्स हेमिंग्ज हा जेफर्सनचा गुलाम आचारी. पॅरिसला जाऊन फ्रेंच पाककला शिकून आलेला. उरलेसुरले शिजवणाऱ्याचे हे काम नव्हे.

पण तेथे बसून माझ्या डोक्यात दुसरेच काही चालले होते. आमच्या वर्गात मराठवाड्यातून आलेली एक मुलगी होती. दलित आत्मकथनांचा तास संपल्यावर एकदा ती मला म्हणाली, "सर, पुस्तकातलं ठीक आहे. पण आमच्या घरी जे सणाला शिजतं, ते मी वसतिगृहात डब्यात आणत नाही. वास आला की मुली खोली बदलून मागतात." या गोष्टीला फार वर्षे झालेली नाहीत. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांतले पदार्थ, त्यांतल्या कृतींसह, त्यात नोंदलेले आहेत: वजडी, रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या. नावातच सारे आले आहे. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. झुणका-भाकर आपण केव्हाच चांदीच्या वाटीत वाढून घेतली, पिठले आणि ठेचा यांची थाळी वातानुकूलित हॉटेलांत भरपूर दर लावून मिळते. या दुसऱ्या स्वयंपाकघराची पाटी मात्र आपल्या शहरांतल्या हमरस्त्यावर माझ्या पाहण्यात आलेली नाही. लेनॉक्स ॲव्हेन्यूवर ती दिव्यांनी उजळलेली होती, आणि बाहेर जपानी, जर्मन, स्पॅनिश बोलणारे लोक रांग लावून उभे होते.

मी हे दाजींना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कोंबडीचे हाड मात्र त्यांनी अगदी स्वच्छ केले. मग म्हणाले, "त्या मुलीचं पुढे काय झालं?" ती बी.एड. होऊन शिक्षिका झाली आहे, एवढे मला ठाऊक होते. "मग एखाद्या सणाला तिच्याकडे जेवायला जा की," ते म्हणाले. "इथं विमानानं आलास, तिथं एस.टी.नं जाता येईल." दाजी कधीकधी प्राध्यापकाला गप्प करतात.

जांभळ्या टोपीच्या बाई उठायच्या बेतात होत्या. हार्लेममध्ये पूर्वी अशी कितीतरी ठिकाणे होती, असे त्यांनी सांगितले. १९३८ साली निघालेले 'वेल्स' होते. रात्रीचा कार्यक्रम संपवून पहाटे येणाऱ्या वादकांना तिथे तळलेली कोंबडी आणि वॉफल एकाच ताटात मिळे. १४५ व्या रस्त्यावरचे 'कोपलंड्स' २००७ साली बंद झाले. भाडी वाढली, जुनी गिऱ्हाइके पांगली. आणि पांगली ती कुठे? पुष्कळशी परत दक्षिणेत. ज्या मुलखातून आजी बुटाचा खोका घेऊन पळाली, तिथेच नाती-नातू घरे घेताहेत. १९७०नंतर हा उलटा ओघ सुरू झाला, आणि तो वाढतच गेला.

"माझी नातसुद्धा शार्लटला गेली," बाई म्हणाल्या. "मोठं घर आहे, अंगण आहे. नोकरी चांगली आहे."

"मग तिला तिथे हे सगळं घरबसल्या मिळत असेल," सौ. म्हणाली.

बाईंनी काठी टेकली आणि मान हलवली. "कुठलं गं! तिथं काही जमत नाही म्हणते. थँक्सगिव्हिंगला आली की विमानतळावरून आधी इथं येते. कॉलर्ड दोन डबे भरून नेते, गोठवलेले." मग त्यांनी आमच्या टेबलाकडे एकदा पाहिले, उरलेल्या पावाकडे बोट दाखवले, आणि वाढणाऱ्या बाईंना हाक मारली, "यांना तो बांधून दे. आणि लोणी विसरू नकोस."